टाकीतला तिसरा ठोका

गावडेकाकांचं नाव आधी लिहितो, म्हणजे पुढचं सांगण्याच्या नादात ते राहून जाणार नाही. सिंगापूरची दुसरी नोकरी मला त्यांच्या शब्दावर मिळाली. आणि ज्या दिवशी टाकीत आमच्या दोघांशिवाय आणखी कोणीतरी होतं, त्या दिवशी बाहेर तेच बसले होते.

मालवण सोडलं तेव्हा आठवीतून शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती. एसटी स्टँडवर आईने पिशवीत आमसुलं कोंबली आणि कानाशी येऊन म्हणाली, "थंय कोणाच्या डोळ्यार येव नको हां." तिला काय माहीत होतं, किती माहीत होतं, हे मी कधी विचारलं नाही. समोर उसाच्या गुऱ्हाळाच्या आडोशाला विनायक उभा होता. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. त्याने हात हलवला नाही, मीही नाही. गाडी वळली तरी तो तसाच उभा.

सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या पहिल्या यार्डाच्या डॉर्मिटरीत आम्ही एका खोलीत बाराजण. पहिल्याच जेवणाला कोणीतरी विचारलं, "शादी हुई?" मी हो म्हणालो. नाव विचारलं, तर तोंडात आलं, सुमन. एवढं तर माझ्यासारखे पुष्कळजण करत असतील. पण सुमनला रोज नवं काहीतरी लागायचं. ती पालीला घाबरते. हसताना तोंडावर हात धरते. सोलकढीत मिरची जास्त घालते. हे सगळं विनायकचं होतं. इतक्या जवळून मी दुसऱ्या कोणाला पाहिलंच नव्हतं.

मग ती माझ्या ताब्यात राहिली नाही. समोरच्या कॉटवरचा एकदा म्हणाला, "कल तेरे फोन में भाभी हँस रही थी." फोन आईचा होता, आणि माझी आई फोनवर हसत नाही. दुसऱ्या एकाने सुट्टीवरून येताना तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. त्या मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या. ट्रंक ओढली की किणकिणायच्या. पुढे पुढे ट्रंक न ओढताही.

त्या यार्डाचं काम संपलं तेव्हा परत जायची पाळी आली होती. गावडेकाका मूळ वेंगुर्ल्याचे, आयुष्यभर जहाजांवर काढून आता सिंगापुरातच बेडोक भागात फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, मला आईशी फोनवर बोलताना ऐकून ते थांबले. "खंयचो रे तू?" एवढ्या ओळखीवर त्यांनी आपल्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला.

तेव्हाच ठरवलं, नव्या जागी सुमनला न्यायचं नाही. विचारलंच तर खरं सांगायचं. बांगड्या डॉर्मिटरीच्या खिडकीत ठेवल्या आणि निघालो. पण पहिल्या सकाळी लॉरीत माझा जोडीदार राजन, तामिळी, गप्पिष्ट, त्याने विचारलं, "भाई, शादी?" डोळ्यांसमोर आलं, माझा इथे राहून काम करायचा पास कंपनीच्या हातात आहे आणि शब्द काकांचा पणाला आहे. म्हणालो, "हुई." आली ती. मागोमाग आली.

आमचं काम जहाजाच्या रिकाम्या टाक्या साफ करायचं. माणूस जाईल एवढंच भोक, खाली काळोख. आत जाण्याआधी आपल्या नावाचा बिल्ला बाहेरच्या फळीवर लटकवायचा. तोंडाशी होल वॉच, म्हणजे आतल्यांवर लक्ष ठेवणारा माणूस, बसतो; आमचे ते गावडेकाका. आत वॉकीटॉकी चालत नाही, म्हणून काका दर दहा मिनिटांनी पान्याने लोखंडावर तीनदा ठोकतात. आतल्या प्रत्येकाने एकेकच ठोका परत द्यायचा. जेवढे बिल्ले, तेवढे ठोके.

चौथ्या दिवशी राजन आणि मी आत. तो एका टोकाला, मी मधल्या पत्र्यापलीकडे. टॉर्चच्या उजेडात गंज ओला दिसत होता. कुठूनतरी किणकिण आली. साखळी असेल, मनात म्हणालो. काकांचे तीन ठोके आले. राजनने दिला एक. मी दिला एक. आणि मग माझ्या अगदी शेजारून, हळूच, आणखी एक.

वरून काकांचा आवाज आला. "दोन जणा गेलास. तिसरो कोण?"

आम्हाला ताबडतोब बाहेर काढलं. काम बंद, टाकीची तपासणी. आत कोणी नव्हतं. काकांनी मला बाजूला घेतलं. "तिसरो ठोको तुझ्या बाजूचो. कोण आसा ता?" मी हाताकडे बघितलं. हातोडी माझ्याच हातात होती. मी तो ठोका दिल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तिथेच बसलो आणि सगळं सांगितलं. सुमन, विनायक, मला बाईमाणूस कधी नको होतं हेही.

काकांनी पाना पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "सकाळी मीटिंगात इचारतले. आवाज घुमलो म्हणान सांगूया, मी सही करतंय. पण मगे तुझ्या ठोक्यार माझो इश्वास रवाचो नाय. बघ बाबा." उठता उठता वळले. "लगीन कोणाशी व्हया तेच्याशी कर. आत ठोको एकच दी."

सकाळच्या मीटिंगमध्ये आठजण गोल करून उभे. सुपरवायझर लिम यांनी विचारलं, एक्स्ट्रा नॉक हू? काका जमिनीकडे बघत होते, माझ्याकडे नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणालो, मी. माझी बायको नाही. कधीच नव्हती. खोटं बोललो, कारण मला पुरुष आवडतात. आणि तिची इतकी सवय झाली की तिच्या वाटणीचाही ठोका गेला.

कोणीतरी फिस्सकन हसलं. राजनने चेहरा फिरवला. लिम यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "नाऊ वन मॅन, वन नॉक. कॅन?"

"कॅन." म्हणजे जमेल.

"कॅन देन गो लाह."

पास राहिला. राजनने मात्र जोडी बदलून मागितली आणि अजून तो माझ्यासोबत जेवत नाही. त्याचं वाईट वाटतं. मीटिंगनंतर त्याच दिवशी नव्या जोडीदाराबरोबर आत उतरलो. तीन ठोके आले. मी एक दिला आणि हातोडी छातीशी धरून थांबलो. शेजारी काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मला रडू आलं. इतकी वर्षं तीच तर सोबत होती.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, घर मिळाला काय रे तुका? मी म्हणतो, मिळाला. आत काळोखात मी एकटाच आहे आणि बाहेर बसलेल्या माणसाला ते ठाऊक आहे, घर म्हणजे आता मला एवढंच वाटतं.

काका, पुढच्या वर्षी तुम्ही वेंगुर्ल्याला कायमचे परत जाणार म्हणता. तिथे तुमच्या घरी दुसरं कोणी नाही. कधीतरी तुम्हाला अंथरुणावरून उठवेनासं होईल, तेव्हा मला कळवा. मी येईन, तुमच्या दाराच्या तोंडाशी बसेन आणि दर दहा मिनिटांनी तीनदा ठोकेन. तुम्ही आतून एक द्यायचा.