किती लांब जाणार?

सकाळी गाडीने सिंगापुरातून निघायचं, पूल ओलांडून मलेशियात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशा सहली आमच्या घरी माझी बायको आखायची. ती सोफ्यावर मांडी घालून बसे आणि धबधबा, अननसाची बाग, मच्छीमारांचं गाव अशी ठिकाणं आमच्यापुढे मांडे. प्रत्यक्षात पुलावर गाड्यांची इतकी गर्दी असे, की बहुतेक वेळा आमची सहल पलीकडच्या पहिल्या मॉलमध्येच संपायची. तो धबधबा आम्ही अजून पाहिलेला नाही. त्या मॉलच्या तळघरातलं पार्किंग मात्र मला डोळे मिटून सापडेल.

ती गेल्यावर वर्षभर आम्ही पुलाकडे फिरकलो नाही. सिंगापुरातल्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये तिघं उरलो होतो: मी, शाळेत जाणारी आमची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई पूर्वी दरवर्षी पुण्याहून महिनाभर येत, आमच्या सहलींनाही असत; लेकीच्या आजारपणात आल्या त्या राहिल्याच. नंतर त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

मीच एकदा जेवताना म्हटलं, "जाऊ या का पुन्हा, एक दिवस?"

मुलीने बराच वेळ भात चिवडला. मग म्हणाली, "वन टाइम. सॅड झालं तर पुन्हा कधीच नाही. ओके, बाबा?"

ओके म्हटलं खरं, पण मला धास्ती बसली. बायकोचं पुष्कळ काही आवरून ठेवावं लागलं होतं. ही एक गोष्ट तरी चालू राहावी असं मला फार वाटत होतं.

जुन्या ग्रंथांची भाषांतरं तपासणं हा माझा पेशा. अडचण आली की मी वाचत बसतो. सीमेविषयी सापडलं ते सगळं वाचलं. सिंगापूरची गाडी बाहेर काढायची तर पेट्रोलची टाकी निदान पाऊण भरलेली लागते, हा नियम मी घरात इतक्यांदा सांगितला, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, टाकीचं कळलं. पोटाचं काय?" मग त्यांनीच तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, दहीभात कालवला, लसणाच्या चटणीचा डबा भरला. निघताना आमच्या हातांवर दही ठेवलं. भाड्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला त्याचा वास दिवसभर येत होता.

पुलावर रांग होतीच, पण सरकत होती. पलीकडच्या बूथमधल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले, खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि सहज विचारलं, "गोइंग वेअर?"

"काय म्हणतो तो?" मागून सासूबाई.

"कुठे चाललात, असं विचारतोय," मी सांगितलं.

सासूबाईंनी डब्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण परक्या देशाच्या अधिकाऱ्यालाही ते लागू असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"मागे फिरवा," सासूबाई म्हणाल्या. "घरी जाऊ. घटकाभर टेकायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं."

"आजी, कॅन्नॉट लाह!" मुलगी शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "इथे यू-टर्न घेतला तर बाबाला पकडतील."

"पकडू देत. जिवंत तर राहील."

यावर हसणार होतो, पण आरशात त्यांचा चेहरा दिसला. त्यांच्या लेकीला शेवटचं हॉस्पिटलात नेत होतो तेव्हा लिफ्टमध्ये शेजारच्या कुणीतरी काळजीनेच विचारलं होतं, "कहाँ चले?" सासूबाईंनी ते ऐकलं होतं. घरी परत येऊन बसायला त्या दिवशी वेळ नव्हता.

अधिकाऱ्याला धबधब्याचं नाव सांगून, पासपोर्ट घेऊन मी पुढे गेलो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. सहल सुरू होण्याआधीच संपली, असं मला वाटलं.

"बाबा, स्टॉप," ती अचानक म्हणाली. रस्त्याकडेला जुन्या चाळवजा इमारतींची रांग होती. खाली कॉफीची दुकानं, वर खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. "आजी, बघ. वरती ते लोक राहते. म्हणजे हा घर आहे. आत बसू, पाणी पिऊ, मग निघू. सेम थिंग."

सासूबाईंनी वाळत घातलेल्या कपड्यांकडे निरखून पाहिलं. चादरी होत्या, लहान मुलांची झबली होती. "घरच आहे," त्यांनी निकाल दिला.

आम्ही प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो. सासूबाई देवळात बसावं तशा ताठ. एका वयस्क चिनी बाईंनी कोमट पाणी आणून ठेवलं. सासूबाई ते घोट घोट प्यायल्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्या उठणार तोच त्या बाई हसून म्हणाल्या, "सो, वेअर यू ऑल गोइंग?"

मी डोळे मिटले.

"ती काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "ती विचारते, किती लांब जाणार?"

"अगं, तिला सांग, लांब नाही." सासूबाईंनी त्या बाईंना हात जोडले. "शहाणी आहे हो बाई. बोलायची रीत आहे तिला."

तेव्हा मला आठवलं. बूथवर दरवेळी हेच व्हायचं. मागून प्रश्न यायचा आणि माझी बायको सांगायची, "किती लांब जाणार विचारतोय, आई." तिचं भाषांतर चुकतंय असं वाटून मी एकदा दुरुस्त करायला गेलो, तर तिने पासपोर्ट माझ्या तोंडासमोर धरले. मला वाटलं, घाईत आहे. मागच्या सीटवर बसलेल्या पोरीला मात्र सगळं कळत होतं.

गाडीकडे जाताना तिने माझी बाही ओढली. "बाबा, यू कॅन्नॉट ट्रान्सलेट एव्हरीथिंग, लाह."

धबधब्याला जायला उशीर झाला होता. आम्ही मॉलमध्येच गेलो. पार्किंगमध्ये गाडीची दारं उघडी टाकून पुऱ्या खाल्ल्या. चटणीच्या वासाने सुरक्षारक्षक दोनदा आमच्याकडे येऊन गेला. दुसऱ्यांदा सासूबाईंनी त्याच्या हातावर पुरी ठेवली. तो आणखी एक मागायला पुन्हा येणार, या कल्पनेनेच मुलगी इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग तिने तोंड पुसून डबा बंद केला. सॅड झालं होतं की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परतताना पुलावर नेहमीची गर्दी. पुढे, मागे, बाजूला गाड्याच गाड्या. मुलगी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती. आईसारखीच, सीटवर मांडी घालून.

"बाबा, नेक्स्ट टाइम इथे जाऊ या," ती म्हणाली आणि नकाशा मोठा करू लागली.

'कुठे?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आलाच होता. मी तो गिळला.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

तिने मोबाइलवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"लांब नाही."

"तरी पुऱ्या जास्तच करते," सासूबाई मागून म्हणाल्या. "तो पार्किंगवाला असेलच."