भरतीचं घड्याळ

रत्नागिरीच्या बाजारात मोबाईलची काच बदलून घ्यायला बसलो होतो. दुकानदार उशाशी ठेवायचं घड्याळ बनवत होता. त्यात रेडिओ, दिवा, गजर सगळंच. तारा जोडताना तो श्वास रोखायचा, जणू आत कुणी निजलंय. घड्याळाच्या पडद्यावरच्या यादीत गजर रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा होता.

"चुकलंय का?" मी विचारलं.

"नाय वो. भरतीप्रमाणं लावलाय. आमची आये बापसाला भरतीला उठवायची, होडीवर जायला. बापूस गेला, पण ती अजून उठते नि बसून राहते."

"मग गजर कशाला?"

"आवाज नाय त्याला. नुसता दिवा लागतो. तिला कळावं, कोणतरी जागं हाय. मग निजेल परत."

आता मांडवीच्या किनाऱ्यावर पाणी चढताना दिसलं की वाटतं, तो दिवा लागला असेल.