तांब्या तिच्या हातात

आमच्या वॉर्डात दर मंगळवारी न्हाणं असे. न्हाणं कसलं, धरपकड! दोन आयांनी बाईला धरायचं, तिसरीनं डोक्यावर बादली उपडी करायची, की झालं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. बेंगळूरच्या वेड्यांच्या इस्पितळात मी नर्स होते, बेळगावकडची, तोंडानं फटकळ. पण मंगळवारी मी मुद्दाम औषधांच्या कपाटाशी रेंगाळायची. न्हाणीघराकडे फिरकायचीच नाही. ते कबूल करते.

मग निपाणीकडची एक बाई आली. इथल्या कारखान्यात नोकरीला असलेला नवरा वारला, हिनं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, म्हणून दिरानं आणून टाकलेली. सहा दिवस गरीब गाईसारखी कोपऱ्यात बसायची. मंगळवार आला की मात्र चावायची, ओरबाडायची. एका आयेचा अंगठाच फोडला. 'दंगा करते' असं तिच्या कागदावर तीनदा चढलं. चौथ्यांदा चढलं की मोठे डॉक्टर तिला मागच्या कुलुपाच्या कोठड्यांत हलवणार होते. तिथून परत आलेली एकही बाई मी पाहिली नव्हती.

चौथ्या मंगळवारी तिची किंकाळी कपाटापर्यंत आली आणि मी धावले. "बांगड्या राहू द्या गं! बांगड्या तेवढ्या राहू द्या!" हात तर तिचे उघडे होते. आया कन्नड बोलणाऱ्या, त्यांना ती नुसती बडबड वाटत होती. मला मात्र कळलं. मी एकोणीस वर्षांची असताना, नवऱ्याच्या दहाव्याला, मलाही असंच धरलं होतं. दोघींनी हात आवळले, एकीनं दगडावर बांगड्या फोडल्या आणि डोक्यावर घागर ओतली. रीत म्हणे! जळली मेली ती रीत. आणि इथं आम्ही औषधपाणी करतो म्हणत दर आठवड्याला हिला नव्यानं विधवा करत होतो.

"साकु!" मी त्यांच्या कन्नडमध्ये ओरडले. "पुरे! सोडा तिला!"

मेट्रन तणतणत आल्या. नियम काय, वेळ काय, बाकीच्या बायका खोळंबल्यात. मी म्हटलं, "खोळंबू देत. माझं नाव वर कळवा, नोकरी घ्या हवी तर. आज हिला कुणी हात लावायचा नाही." शब्द मागे घेतला नाही. आजही घेणार नाही.

आयांना बाहेर काढलं. दार लोटलं, कडी लावली नाही. ऊन पाणी आणवलं, तिच्यापुढे तांब्या ठेवला आणि चार हात लांब जमिनीवर बसले. "बाई, तुला कुणी धरणार नाही. वाटलं तर घे, नाहीतर राहू दे."

बराच वेळ ती तांब्याकडे बघत राहिली. मग पायांवर स्वल्प पाणी घेतलं. मग हातांवर. डोक्यावर घेतलंच नाही. नाही तर नाही!

शुक्रवारी फेरीला मोठे डॉक्टर आले. कागदावर चौथी नोंद नव्हती. "कुठलं औषध दिलंत?"

"औषध नाही, सर. तांब्या दिला. तिच्या हातात."

मेट्रननी डोळे वटारले. पण डॉक्टरांनी तिला हलवायचा हुकूम लिहिला नाही.

दोन-तीन मंगळवार असेच गेले. मग एकदा तिनं भरलेला तांब्या माझ्यापुढे धरला. "अक्का, पाठीवर तेवढं तुम्ही ओता."

मी उठले. पाणी सोसेल का, ते आधी तिला विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हाच ओतलं.