सातमाशीची विचारपूस

घरात तिला सगळे सातमाशीच म्हणत. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. आई हसायची, "हिला पोटात दम निघाला नाही, आता काय निघणार!" थोरली बहीण मात्र पुरे दिवस भरून आलेली. आई एकच, चूल एकच. मग एक वेळेवर अन् एक आधीच, असं का? हे कोडं काही सुटेना.

पुढे ती बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर झाली आणि कोडं आणखी मोठं झालं. पुलाअलीकडच्या बायका बहुतेक दिवस भरून बाळंत होत. पलीकडच्या, गिरणीमागच्या वस्तीतल्या कितीतरी जणींची बाळं वेळेआधीच येत आणि काचेच्या पेटीत निजत.

"खाणंपिणं कमी पडतं, दुसरं काय!" मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत. खोटं नव्हतं ते, पण पुरतंही वाटेना. बायकांचं वजन घेतलं जातं, रक्त तपासलं जातं. मनावरचं ओझं कुठल्या काट्यावर घालायचं? तिनं परवानगी काढून गरोदर बायकांना प्रश्न विचारत त्याचाच अभ्यास सुरू केला. पण कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : "बरंय की, सिस्टर."

सुटीच्या दिवशी आई लसूण सोलत बसली होती.

"आई, माझे प्रश्न तुझ्यावरच करून बघते."

"बघ बाई. सुई नाही ना टोचणार?"

"मन मोकळं करायला घरात कुणी आहे का?"

आईनं मान वर केली नाही. "आत्ताचं विचारतेस, की तू पोटात होतीस तेव्हाचं?"

सातमाशीनं प्रश्नांची वही मिटून बाजूला ठेवली.

"तुझ्या आत्याची सोयरीक मोडली. माझ्या तोंडून काहीबाही निसटलं म्हणे. सासूबाईंनी अबोला धरला, त्यांच्या धाकानं बाकीच्यांनीही. तुझे बाबा परगावी कामाला. भरल्या घरात मी बोलायची ती भांड्यांशी." पाकळी सोलून झाली तरी बोटं सोलतच होती. "मग एकदा भरला हंडा उचलला, अन् तू आलीस. मी आपलं तुझ्यावर ढकललं, घाई हिलाच होती म्हणून. खरं सांग सिस्टर, माझ्यामुळंच ना?"

आईनं तिला सिस्टर कधी म्हटलं नव्हतं.

"हंड्याचं मला पटत नाही. अन् नेमकं कशानं झालं, ते एकटीवरून कुणालाच सांगता यायचं नाही, म्हणून तर पुष्कळजणींना विचारायचंय. पण दोष तुझा नव्हता गं."

आईनं पदरानं नाक पुसलं. "लसूण झोंबतोय मेला." मग म्हणाली, "विचार की मग."

"बायका बोलतच नाहीत."

"तू समोर बसून टकामका बघणार, कोण बोलेल? हात गुंतले की तोंड सुटतं."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत, पडद्याआड, लोकरीची टोपली आली. पेटीतल्या बाळांच्या टोप्यांसाठी लोकर लागायचीच. गिरणीमागची एक गरोदर पोर दोन्ही हातांवर लड धरून बसली. सातमाशी गुंडा करू लागली.

"घरी कसं चाललंय?"

"बरंय की, सिस्टर."

सातमाशीनं नुसताच धागा ओढला. गुंडा लिंबाएवढा झाला, मग मोसंब्याएवढा.

"बरं म्हणजे," पोर लोकरीकडे बघत म्हणाली, "तसं नाही बरं."

सातमाशीच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला होता. तिनं तो गिळला आणि गुंडाळत राहिली.