पांढरा बैल मोबाईलच्या बाजूला

किहीमला समुद्रासमोरची खोली मिळाली नाही की माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांना चिखल विकतो. रेवदंड्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच माझी पाटी आहे: ‘सहकुटुंब शेतीजीवन’. पाटी लावणाऱ्याचं निम्मं आयुष्य मुंबईच्या एका ऑफिसात एसीखाली सर्दी सांभाळण्यात गेलं, हे पाटीवर लिहिलेलं नाही.

या धंद्यात खरी म्हणावी अशी वस्तू एकच, काकांची बैलजोडी. बाकी गावात नांगरायला यंत्राचा टिलर फिरतो. यंदा ऐन जुलैत काकांनी जाहीर केलं, लावणी आटोपली की जोडी विकणार.

“पेंढा कोन घालनार? तुझे पावने?”

बैल गेले तर माझ्याकडे दाखवण्यासारखं काय उरतं? डास. मी गयावया केली.

“बरं,” काका म्हणाले. “ह्या रविवारी करून दाव. पावन्यांवर जोडीचं पोट भरत असंल तर न्हाय विकत.”

रविवारी एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, दोन मुलं. नवऱ्याने खाचराकडे बघून विचारलं, “चिखल स्वच्छ आहे ना?”

“ऑरगॅनिक आहे,” मी म्हणालो. इतकं निर्लज्ज उत्तर मी ऑफिसातही कधी दिलं नव्हतं.

मुलांनी नाकं दाबली. बाई मोबाईल रोखून डाव्या बांधावर उभ्या राहिल्या.

काका फाटक्या बनियनवर, गालात तंबाखू. हे ध्यान पाटीला शोभेना, म्हणून मी त्यांना गोठ्यापाशी बसवलं आणि स्वतः फेटा बांधला. आमच्याकडे चिखलात फेटा बांधणाऱ्याला लोक दवाखान्यात नेतील. पण पाहुण्यांना शेतकरी फेट्यातलाच लागतो.

जोडीतला पांढरा देखणा, तांबडा नुसता कामाचा. पांढरा जन्मभर उजवीकडे चालला, तांबडा डावीकडे. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण बाई डावीकडे. म्हणजे फोटोत तांबडा येणार आणि पांढरा त्याच्याआड जाणार. ‘ताई, जरा पलीकडच्या बांधावर या’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते सुचलं नाही. मी बैलांच्या बाजूच बदलल्या.

नांगर लावला, जोरात हाकारा दिला. बैल जागचे हलेनात. दुसऱ्याच्या खोलीत शिरलेल्या पाहुण्यांसारखे ते एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघेही एकदम आपापली बाजू धरायला निघाले, जू पिळवटलं, आणि शेवटी दोघांचं एकमत झालं: घरी जायचं. मागे उड्या मारणारा नांगर, नांगराला लोंबकळणारा मी. सोडून द्यायचं ना? पण व्हिडिओ चालू होता! वाटेत लावणीसाठी वाढवलेल्या रोपांचा एक कोपरा आडवा झाला, फेटा खुरांखाली गेला, आणि वरात थेट गोठ्याच्या दारात, काकांसमोर थांबली.

काकांनी आधी बैलांचे पाय तपासले. मग माझ्याकडे बघितलं.

“जुपले कुनी?”

“मी.”

“टाळक्यावर फेटा व्हता. आत काय व्हतं?”

तेवढ्यात पाहुणे धापा टाकत पोचले. “हा प्रोग्रामचाच भाग आहे ना?” नवऱ्याने विचारलं. मुलांची नाकं पहिल्यांदाच मोकळी होती. हसून हसून बेजार झालेली ती पोरं म्हणाली, “अंकल, परत करा ना!”

“करील की,” काका म्हणाले. “दुसरं येतंय काय त्याला?”

“म्हणजे विकताय ना जोडी?” मी पडेल आवाजात विचारलं.

काका तडक घरात गेले आणि बाहेर आले ते लग्नाकार्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. चिखलात! बैल आपापल्या बाजूला जुंपले आणि बाईंना म्हणाले, “बाय, तुमी त्या बांधावर उभ्या ऱ्हा. तकडून पांढरा ग्वाड दिसतो.”

दोन फेऱ्या सरळ रेषेत झाल्या. मग चिखल सपाट करायची फळी बैलांमागे बांधली. त्या फळीला वर वजन लागतं.

“ये, उभा ऱ्हा हिच्यावर.”

“काय करायचं मी?”

“काय सुदिक करू नको. जमंल तुला.” काका पुटपुटले, “जोडी ऱ्हाईल. पन जुवाला हात लावलास तर तुला विकीन.”

त्या दिवसापासून दर रविवारी काका शर्ट घालतात आणि मी फळीवर उभा राहतो. पाटीवर माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शक’ असं लिहिलेलं आहे. पाहुण्यांच्या मुलांनी विचारलं की काका सांगतात, “त्यो? त्यो वजनाला हाय.”