माझ्याशी मराठीत बोलणारी

नवरा गेल्यावर मी आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, गढा भागातल्या एका निवासात कामाला लागले. ज्यांना आपलं आपण करता येत नाही अशा बायका तिथे राहतात. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. मीही तिथेच राहते, फक्त रविवारी कांचघर वस्तीतल्या माझ्या खोलीवर जाते. मुलगी बंगलोरला असते. तिला मराठी कळतं, पण फोनवर हिंदीतच बोलते.

मागच्या वर्षी आमच्याकडे पन्नाशीची एक बाई आली. जन्मापासून हातपाय आखडलेले, जीभ जड. आई वारल्यावर तिच्या भावाने आणून सोडली होती. आमच्याबरोबर काम करणारी, फक्त हिंदी कळणारी एक दीदी तिला खिचडी भरवायची. ही बाई मान फिरवून काहीतरी म्हणायची, आणि दीदी मला सांगायची की हिला रोज पूरीच हवी असते. एकदा तर तिने खरोखर पुऱ्या तळून दिल्या.

एक दिवस मी जवळ बसून नीट ऐकलं. ती ‘पुरे’ म्हणत होती.

“ताई, पोट भरलं का?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. मग रडायला लागली. दीदी घाबरली, मी तिला म्हटलं, राहू दे, रडू दे.

तेव्हापासून तिचं सगळं मीच करायचे. वेणी घालता घालता आम्ही बोलायचो. तिचा एकेक शब्द यायला वेळ लागायचा, पण मला कुठे घाई होती? तिची आई भाकरी कुस्करून दुधात भिजवायची, कारखान्याचा भोंगा झाला की बाबांची वाट बघायची, असं ती सांगायची. दिवाळीला यायला जमणार नाही असा मुलीचा फोन आला, त्या दुपारी मी मुकाट्याने कपड्यांच्या घड्या घालत होते.

“काहून गप?” तिने विचारलं.

मला असं कुणी विचारून किती वर्षं झाली होती, आठवेना. मी तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं.

उन्हाळ्यात तिचा भाऊ आला. त्याची नागपूरला बदली झाली होती. तिथल्या एका निवासात जागा मिळाली होती आणि तिथे सगळे मराठीच बोलतात, असं तो म्हणाला. भला माणूस होता. तिच्यासाठी हेच बरं, हे मलाही कळत होतं. मी तिचे कपडे भरले, केस विंचरले आणि तिला उचलून गाडीत बसवलं. तिने वाकड्या बोटांनी माझी ओढणी धरली.

“तू चाल,” ती म्हणाली.

मी कशी येऊ, असं काहीतरी मी पुटपुटले. भावाने हळूच तिची बोटं सोडवली.

पुढे दोनदा, भाऊ तिला भेटायला गेलेला असताना, मी फोन केला. त्याने उचलला आणि तिच्या कानाला लावला. ती फोनवर बोलू शकत नव्हती. मला नुसता तिचा श्वास ऐकू आला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, ती छान रमली आहे, आता तिथल्या बायकांशी खूप बोलते. मला आनंद झाला. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

मागच्या रविवारी कांचघरच्या दुकानात मी दुकानदाराला काहीतरी मराठीत म्हणाले, माझं मलाच कळलं नाही.

“क्या बोलीं, दीदी?” त्याने विचारलं.

काही नाही म्हटलं, आणि हिंदीत साखर मागितली.