बर्फातला वाघ

व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका लॉजवर मी नऊ वर्षांपासून काउंटर सांभाळतो. माझं नाव संघपाल. रोज माझ्यासमोरून चाळीस-पन्नास लोक वाघ पाहायला जातात. मी मात्र एकही पाहिला नव्हता. ड्युटी सोडता येत नाही, असं मी सांगायचो. खरं म्हणजे सफारीच्या उघड्या जिप्सीत बसायची मला भीती वाटायची.

मागच्या हिवाळ्यात मालक काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाले, "संघपाल, जंगलात राहून राह्यलो आपण, आन पडदा निळा? वाघबिघ लाव ना बे."

वॉलपेपर बदलता येत नाही हे कबूल कसं करणार? नोकरीला लागताना 'कॉम्प्युटर पूर्ण येतो' असं मीच सांगितलं होतं. पहिल्या प्रयत्नात अक्षरं आवळ्याएवढी झाली. दुसऱ्यात अख्खा पडदाच उलटा झाला, आणि अर्धा दिवस मी मान वाकडी करून बुकिंग घेतली. तिसऱ्या दिवशी इंटरनेटवरचा एक जबरदस्त वाघ पडद्यावर येऊन बसला. मला इतका आनंद झाला की मी पडदा पाहुण्यांच्या बाजूला वळवून ठेवला.

पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "वा! फोटो कोणी काढला?"

इंटरनेटवरचा आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं, "मीच."

मग थांबता येईना. आठवडाभरात त्या वाघाला मी जागा दिली, तारीख दिली, अंतर पंधरा फुटांवर आणलं. आमची गाइड सुकरी पाण्याच्या माठाजवळ उभी राहून सगळं ऐकायची. तिला दर दोन दिवसांनी वाघ दिसतो, तरी ती ग्लास भरून घ्यायची आणि निघून जायची.

एक दिवस भद्रावतीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. भूगोल शिकवायच्या. चष्मा सावरत त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला.

"भाऊ, मोहर्लीत बर्फ कधी पडला?"

"धुकं आहे बाई ते. डिसेंबरचं."

"मग धुक्यात वाघाचे पाय रुतून काऊन राह्यले?"

सुकरी हसत हसत पायरीवरच बसली. "बाई, त्याईले नका विचारू. ते जिप्सीतच बसत नाई!"

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "उद्या सकाळी बफरच्या जंगलात चला आमच्यासोबत. सीट मी काढते."

नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी जिप्सीचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलो. तासाभराने गाडी थांबली. बाईंनी त्यांचा कॅमेरा माझ्या हातात कोंबला.

"संघपालभाऊ, डोये उघडा!" सुकरी कुजबुजली.

उघडले. वाघीण रस्ता ओलांडत होती, कुठलीही घाई नसल्यासारखी. पोटाखालची पांढरी लव हलत होती. मी बटण दाबायचं विसरलो. दाबलं तेव्हा फक्त बांबूची दोन पानं हलत होती.

तो फोटो बाईंनी पाठवला. वॉलपेपर लावायला मला दोन मिनिटं लागली.

आता पाहुणे विचारतात, "यात वाघ कुठे आहे?"

"आत्ताच गेला," मी सांगतो.

ते सुकरीकडे पाहतात. ती मान डोलावते, तेव्हा कुठे चावी घेऊन खोलीकडे जातात.